इंजिन फिरते, पण पेट घेत नाही : एका दोषाच्या निदानाचा इतिहास

किल्ली फिरवावी, सेल्फने इंजिन जोमाने फिरवावे, दिवे प्रखर असावेत, बॅटरीविषयी शंका नसावी आणि तरीही इंजिनाने पेट घेऊ नये, हा अनुभव मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक पिढीच्या वाट्याला आला आहे. गेल्या काही वर्षांत भारतातील मोटारगाडी आतून पार बदलली. १ एप्रिल २०२० रोजी देशभर बीएस-६ मानके लागू झाली, १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा अधिक कठोर असा दुसरा टप्पा आला, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. या घडामोडींची चर्चा धूर, मायलेज आणि किंमत यांच्या अंगाने भरपूर झाली. घाटात बंद पडलेल्या गाडीचे बॉनेट उघडल्यावर काय दिसणार आणि ते कोणाला समजणार, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तो नवा नाही. त्याला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

दोष तसा सरळ मांडता येतो. सेल्फ जोरात फिरतो याचा अर्थ बॅटरी, स्टार्टर मोटार आणि त्यांना जोडणाऱ्या जाड तारा आपले काम करीत आहेत. त्यापुढे पेट्रोल इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा आणि इंधनाचे मिश्रण, त्या मिश्रणावर पिस्टनचा पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. इंजिन पेट घेत नसेल तर या तिघांपैकी एक तरी गैरहजर आहे, किंवा चुकीच्या वेळी हजर आहे. हे तर्कशास्त्र १८८८ साली जसे होते तसेच आज आहे. बदलले आहे ते इतकेच, की ही गैरहजेरी कोणाच्या डोळ्यांना दिसते.

१८८८चा उल्लेख सहेतुक आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल बेंझ यांनी बनवलेल्या तीनचाकी गाडीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर सुमारे १०० किलोमीटर. इतका लांबचा मोटारप्रवास त्याआधी कोणी केला नव्हता. बेंझ कुटुंबाच्या आठवणींनुसार वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा बर्थाबाईंनी टोपीच्या लांब पिनेने ती मोकळी केली, आणि ठिणगीच्या तारेचे आवरण झिजून प्रवाह भलतीकडे जाऊ लागला तेव्हा पायमोज्याचा पट्टा गुंडाळून तारेला नवे आवरण दिले. इंधन संपत आल्यावर वीसलोख या गावच्या औषधांच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचा द्रव विकत घेतला. एक दोष इंधनाचा, एक ठिणगीचा. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या मोठ्या प्रवासातच निदानाचे दोन प्रमुख अध्याय लिहिले गेले, आणि तेही कोणत्याही उपकरणावाचून.

त्यानंतरची दोन दशके इंजिन फिरवण्याचे काम माणसाच्या दंडाकडे होते. गाडीच्या तोंडाशी हँडल घालून ते जोराने ओढायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवावा, असे नवशिक्याला बजावले जाई. पण या धोकादायक पद्धतीत एक गुण होता. फिरवणाऱ्याचा हात हेच दाब मोजण्याचे साधन होते. चार सिलिंडरांपैकी एकाची झडप जळली असेल तर दर दोन फेऱ्यांत एका ठरावीक ठिकाणी हाताला होणारा विरोध नाहीसा होई, आणि बॉनेट न उघडताच चालकाला दोषाचा पत्ता लागे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत ठिणगीसुद्धा कानाला कळे : तिच्या लाकडी पेट्यांतील कॉइल मधमाशांसारख्या गुणगुणत, आणि एखादी गप्प बसली की आवाजातला फरक लगेच जाणवे.

१९१२ साली कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आला. केटरिंग यांनी त्याआधी दुकानातील गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी मोटार बनवली होती. थोडा वेळ भरपूर जोर लावायचा आणि थांबायचे, ही कल्पना तिथलीच. मनगटे वाचली, मोटार चालवणे हे केवळ बलदंडांचे काम उरले नाही. मात्र याच दिवशी फिरणे आणि पेटणे या दोन क्रिया एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. आता चालक आसनावर बसून इंजिनाचे फिरणे फक्त ऐकू शकत होता. ‘सेल्फ लागतो, पण गाडी चालू होत नाही’ ही तक्रार त्या शब्दांत करणे तेव्हापासून शक्य झाले.

केटरिंग यांनी याच सुमारास ठिणगीची जी व्यवस्था दिली, तिने पुढची साठ वर्षे जगभर राज्य केले. कॉइलमधून वाहणारा बॅटरीचा प्रवाह दोन छोट्या पॉइंटांनी ऐन क्षणी तोडायचा, त्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो, आणि डिस्ट्रिब्युटर तो दाब पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. भारतात उत्तरपाड्याला बनणारी अ‍ॅम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, या दोघींचे इंजिन याच तत्त्वावर पेटत असे. देशभरातील मिस्त्री ज्या विद्येत पारंगत झाले ती विद्या हीच.

या विद्येचा क्रम पाहण्यासारखा आहे. मिस्त्री आधी विचारी, ‘करंट येतो का?’ एक प्लग काढून त्याच्या तारेला जोडायचा, प्लगचे अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवायचे आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. निळी, कडक आवाजाची ठिणगी पडली तर ठिणगीचा अध्याय बहुधा तिथेच मिटला. पिवळट, मरगळलेली पडली तर पॉइंट किंवा कंडेन्सरवर संशय. ठिणगीच नसेल तर कॉइलपासून मागे तपास सुरू. त्याच वेळी काढलेला प्लग दुसरी साक्षही देई : तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन पोहोचते आहे, ठिणगी नाही, कोरडा ठणठणीत असेल तर ठिणगी आहे, पेट्रोल नाही. एका प्लगच्या तपासणीत दोन प्रश्नांची उत्तरे मिळत. वैद्याच्या नाडीपरीक्षेशी याची तुलना पुष्कळदा केली जाते, पण ती मिस्त्रीवर थोडा अन्याय करणारी आहे. येथे गूढ काहीच नव्हते. एकेक शक्यता रीतसर बाद करत जाण्याची ही पद्धत होती.

हवामानाने या पद्धतीला भारतीय वळण दिले. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमटपणा शिरला की विजेला प्लगपर्यंत जाण्याऐवजी टोपणाच्या ओल्या पृष्ठभागावरून पळण्याची वाट मिळे. टोपण काढून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी चालू. पॉइंट काजळले तर पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांतील अंतर पुन्हा सुमारे ०.४ मिलिमीटर करायचे. हाताशी गेज नसले तर पुठ्ठ्याचा तुकडा चाले. उन्हाळ्यातला प्रसंग तर अनेकांच्या स्मरणात असेल. चढावर तापलेली गाडी थांबते, सेल्फ फिरत राहतो, गाडी चालू होत नाही. तेव्हाचा पेट्रोल पंप इंजिनालाच जोडलेला असे आणि टाकीतले पेट्रोल तो ओढून घेई. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. नळीत पेट्रोलची वाफ होई, आणि पंपाला वाफ ढकलता येत नसे. यावरचा उपाय म्हणजे पंपावर ओले फडके ठेवणे. दहा-पंधरा मिनिटांत वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा देशातल्या प्रत्येक घाटात, पुस्तकाचे नाव न घेता, शिकवला जात होता.

या जगाचा शेवट ज्या कारणाने झाला त्याचा गाडी चालू होण्या-न होण्याशी काहीही संबंध नव्हता. लॉस एंजेलिस शहरावर दाटणाऱ्या, डोळे झोंबवणाऱ्या धुरक्याचे मूळ रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी शोधले : अर्धवट जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते बनत होते. १९७० साली अमेरिकेने हवेविषयीचा कायदा कठोर केला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला हवा-इंधनाचे प्रमाण इतके अचूक लागे की कार्बोरेटरला ते जमेना. इंधन मोजून फवारणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बॉश कंपनीने १९६७ मध्येच फोक्सवॅगनच्या गाडीत आणली होती. आता ती चैन न राहता गरज बनली. फवारणी ठरवायला संगणक आला, आणि संगणकाला माहिती पुरवायला सेन्सर आले. सेन्सर बिघडला तर धूर वाढेल आणि कोणाला कळणारही नाही, म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८च्या गाड्यांपासून अशी सक्ती केली की संगणकाने आपल्या बिघाडांवर स्वतःच लक्ष ठेवावे आणि डॅशबोर्डवर दिवा लावावा. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना एकाच आकाराची सोळा पिनांची खोबण आणि एकाच पद्धतीचे बिघाड-संकेत बंधनकारक झाले. ओबीडी-२ या नावाने ओळखली जाणारी ती व्यवस्था हीच.

हा उगम लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ज्या खोबणीकडे आज सगळे गॅरेज निदानासाठी धाव घेते, ती मुळात दुरुस्तीसाठी जन्मलेली नाही. हवेच्या रक्षणासाठी जन्मलेली आहे. चालू असलेली गाडी किती घाण करते हे ती पाहते. चालूच न होणारी गाडी काहीच घाण करीत नाही, म्हणून अशा गाडीविषयी ती पुष्कळदा मौन पाळते. टाकीतील विजेचा पंप जळाला आणि गाडीत इंधनदाब मोजणारा सेन्सर नसेल, तर सेल्फ फिरतच राहतो आणि संगणकाच्या दप्तरी एकही संकेत नोंदला जात नाही. स्कॅनर लावून ‘काही दोष नाही’ असे वाचणारा नवशिका आणि किल्ली पहिल्या टप्प्यावर आणताच मागच्या आसनाखालून येणारी पंपाची क्षणभराची घरघर ऐकू आली नाही, हे टिपणारा जुना मिस्त्री, यांतील अंतर इथे उघड होते.

भारतात हा बदल न्यायालयाच्या वाटेने आला. १९९५ साली चार महानगरांत नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रासाठी युरो मानकांच्या जवळच्या तारखा ठरवून दिल्या, आणि कार्बोरेटरचे दिवस भरले. डिसेंबर १९८३ पासून कार्बोरेटरवर धावणारी मारुती ८००सुद्धा २०००च्या सुमारास मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शनवर आली. ‘एमपीएफआय’ ही चार अक्षरे त्या काळी गाडीच्या मागच्या काचेवर अभिमानाने मिरवली जात. ओबीडीची सक्ती बीएस-४बरोबर २०१० पासून आणि तिची दुसरी पायरी २०१३ पासून आली. बीएस-६ने तर दुचाकींनाही इंजेक्शनवर आणले. पॉइंट घासणारा हात आणि संगणकाला प्रश्न विचारणारा हात यांच्यामध्ये अमेरिकेला तीन दशके मिळाली होती. भारतीय मिस्त्रीला जेमतेम एक.

नव्या इंजिनात ठिणगीचा क्षण कोण ठरवतो? क्रँकशाफ्टवर दातेरी चाक असते. अनेक गाड्यांत त्यावर साठ दात्यांची जागा आणि प्रत्यक्ष दाते अठ्ठावन्न. दोन मुद्दाम गाळलेले. शेजारचा सेन्सर दाते मोजतो, आणि मोकळी जागा आली की पिस्टन कोठे आहे ते संगणकाला कळते. हा सेन्सर मुका झाला तर संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही नाही. सेल्फ बिचारा फिरत राहतो. अनेक गाड्यांत सेल्फ मारताना फेऱ्यांचा काटा शून्यावरून जराही हलला नाही, तर संशयाचे बोट पहिल्यांदा इकडे वळते.

गंमत अशी की हा सेन्सर अनेकदा तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर सुधारतो. म्हणजे चढावर तापून थांबलेली आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होणारी गाडी १९७५ मध्येही होती आणि २०१५ मध्येही होती. लक्षण तेच, कारण पूर्णपणे वेगळे. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि तो पेट्रोल ओढत नाही, बाहेरच्या हवेच्या तिपटीएवढ्या किंवा त्याहून अधिक दाबाने ढकलतो. त्यामुळे नळीत वाफ धरण्याचा जुना रोग जवळजवळ नाहीसा झाला आहे. ओल्या फडक्याची सवय तेवढी मागे उरली. फडके ठेवून वाट पाहिली की गाडी चालू होते, कारण सेन्सरही तेवढ्यात थंड होतो. उपाय लागू पडला असे वाटते, निदान मात्र चुकलेलेच असते.

अशीच दुसरी जुनी सवय वेगळ्या अर्थाने जिवंत राहिली आहे. पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजले की चालक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारीत. कार्बोरेटरच्या काळी त्यामुळे जास्तीची हवा आत जाई. आजच्या अनेक गाड्यांत तीच कृती लागू पडते, पण आता पूर्ण दाबलेले पेडल हा संगणकाला दिलेला निरोप असतो : फवारणी बंद ठेव, सिलिंडर कोरडे होऊ दे. धक्का मारून गाडी सुरू करण्याचे मात्र तसे नाही. ठिणगी नसताना धक्का मारत राहिले तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये साचते, आणि गाडी अचानक पेटली की त्या उष्णतेने महागडा कन्व्हर्टर खराब होऊ शकतो.

दाबाचा तिसरा अध्याय आजही कानाकडेच आहे. टायमिंग बेल्ट तुटला तर झडपा जागच्या जागी थांबतात, पिस्टनला विरोध उरत नाही, आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, वेगात, एकसुरी फिरतो. मधले ते लयबद्ध अडखळणे ऐकू येत नाही. हँडल मारणाऱ्याच्या दंडाला जे कळत असे तेच हे. असा आवाज आला की पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. काही इंजिनांत पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात.

संकेताचा अर्थ लावणे ही आणखी वेगळी विद्या. ‘पी०३३५’ हा संकेत क्रँकशाफ्टच्या सेन्सरच्या मंडलात बिघाड आहे, एवढेच सांगतो. सेन्सर गेला, की त्याची तार पावसाळ्यात आडोशाला आलेल्या उंदराने कुरतडली, हे तो सांगत नाही. संकेत वाचून सुटा भाग बदलणे आणि तारेत विजेचा प्रवाह कोठवर पोहोचतो हे मीटरने तपासत जाणे, यांत ग्राहकाच्या खिशाला पडणारा फरक मोठा असतो.

येथपर्यंतचा प्रश्न कौशल्याचा आहे, पुढचा हक्काचा. ओबीडीचे सर्वसाधारण संकेत कोणालाही वाचता येतात, पण कंपनीचे खास संकेत, संगणकात नवी आज्ञावली भरणे, किल्लीतल्या चिपची गाडीशी ओळख करून देणे ही कामे कंपनीच्या उपकरणाशिवाय अडतात. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना सक्तीचा झालेला आणि भारतातही रुळलेला इमोबिलायझर किल्ली ओळखत नसेल, तर काही गाड्यांत सेल्फ फिरतो आणि इंजिन पेटत नाही. ठिणगी, इंधन, दाब यांपैकी काहीही बिघडलेले नसते. परवानगी तेवढी नसते. बर्थाबाईंची पिन येथे निरुपयोगी आहे.

भारतीय स्पर्धा आयोगासमोर २०११ साली दाखल झालेल्या तक्रारीचा गाभा हाच होता. सुटे भाग आणि निदानाची उपकरणे केवळ अधिकृत केंद्रांनाच देऊन कंपन्या स्वतंत्र गॅरेजांची वाट बंद करतात, असा तो आरोप. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग व निदान-उपकरणे खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्यानंतर अपिलांचा लांब प्रवास सुरू झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले, आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही घेतल्या. रस्त्याकडेच्या गॅरेजात आज परवडणारे स्कॅनर दिसतात. त्यांपैकी किती गाडीच्या सर्व कप्प्यांत शिरू शकतात, हा ज्या त्या कंपनीच्या मर्जीचा भाग आहे.

इथेनॉलने मात्र निदानाला पुन्हा एकदा डोळ्यांपाशी आणले आहे. इथेनॉल पाण्याला जवळ करते. टाकीत पाणी एका मर्यादेपर्यंत असेल तर ते मिश्रणात विरून जाते. मर्यादा ओलांडली, किंवा तापमान बरेच उतरले, की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड म्हणून तळाशी बसतात. पंपाचे तोंड तळाशीच असते. पंपाची घरघर ऐकू येते, नळीत दाब भरपूर असतो, ठिणगी निळी असते, काटा हलतो, स्कॅनर गप्प असतो, आणि गाडी चालू होत नाही. अशा वेळी अनुभवी मिस्त्री इंधनाच्या नळीतून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढतो आणि बाटली काही मिनिटे बॉनेटपासून दूर, सावलीत, न हलवता ठेवतो. दोन थर वेगळे झाले तर त्यांच्यामधली रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते.